शोषून घेणारी माती: रोजची भांडी, जिव्हाळा आणि सिरॅमिक कला

(साक्री येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मातीच्या भांड्यांचा आहे. अलीकडे सिरॅमिक कलेच्या प्रदर्शनांत एक विषय सारखा भेटतो: रोजच्या वापरातल्या वस्तू आणि त्यांच्याशी असलेलं आपलं भावनिक नातं. कप, बशी, बरणी, किटली, आजीचा डबा. कलावंत या वस्तू मातीत पुन्हा घडवतात, भाजतात, मांडतात. शेजारच्या चिठ्ठीवर 'स्मृती', 'घर', 'जिव्हाळा' असे शब्द असतात. पाहणारा थोडा हळवा होतो आणि पुढच्या दालनात जातो.

आता हळवं होण्यात वाईट काही नाही. पण समीक्षेला त्यापुढे जावं लागतं. यातलं कुठलं काम खरं आणि कुठलं नुसतं गोड, हे ओळखायचं कसं? त्याला कसोटी लागते, आणि ती कसोटी आम्हाला आपल्या खान्देशातल्या स्वयंपाकघरात सापडते. ती अशी: भाजलेली माती शोषून घेते. पाणी शोषते, तेल शोषते, वास शोषते. माणसाचा मातीच्या भांड्यावर जीव बसतो तो या गुणामुळे. आणि याच गुणाचं निमित्त करून आपल्या समाजाने माणसांना भांड्यापासून दूरही ठेवलं. जी कला या दोन्ही बाजू पाहते ती आम्हाला महत्त्वाची वाटते. जी फक्त पहिली बाजू पाहते ती अर्धवट राहते. आज एवढंच मांडायचं आहे.

कावठ्यापासून सुरुवात

लांब जायला नको. साक्री तालुक्यातच, कान नदीच्या काठी, कावठे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. म. के. ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी त्याचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे सापडली ती सावळदा संस्कृतीची वस्ती, म्हणजे साधारण ४,००० वर्षांपूर्वीची. तापीकाठच्या सावळदा गावावरून हे नाव पडलं. ही माणसं जमिनीत खड्डे खणून त्यावर छप्पर घालून राहत होती. घर असं साधं, पण भांडी मात्र रंगवलेली.

आणि त्या भांड्यांवर काय रंगवलं आहे? सावळदा भांड्यांची ओळख म्हणजे त्यांच्यावरची हत्यारं आणि अवजारं. बाणाची टोकं, मासे मारायचे काटेरी भाले आणि मासेसुद्धा. म्हणजे बघा, रोजच्या वस्तूवर रोजच्याच वस्तूंचं चित्र. ज्या भाल्याने मासा मारायचा त्याचं चित्र, मासा ठेवायच्या भांड्यावर. आज प्रदर्शनात 'दैनंदिन वस्तूंशी संवाद' म्हणून जे मांडतात, ते पांझरा-तापीच्या खोऱ्यात ४,००० वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि ते वापरायच्या भांड्यावर झालेलं आहे. त्या चित्रात भक्ती होती, हौस होती की मालकीची खूण, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. आमच्यासाठी एवढं पुरे की वस्तू वापरणं आणि वस्तूकडे बघणं ही दोन कामं तेव्हा एकाच भांड्यावर होत होती.

याच ताम्रपाषाण काळातली, पण थोडी नंतरची एक गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची. तिथे लहान मुलं दगावली की त्यांना दोन मातीच्या रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेल्या रांजणांत, घराच्या जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नेत नसत. घरातच, जिथे चूल पेटायची तिथे. रांजण म्हणजे साठवणीची वस्तू. त्याच वस्तूत मूल ठेवायचं आणि वर पुन्हा रोजचा संसार चालू ठेवायचा. भावनिक नातं, भावनिक नातं म्हणतो आपण, त्याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हाला माहीत नाही.

खापर आणि घागर

आता आपल्या घरात या. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून खापरावर मांडे होतात, त्यांना आम्ही काही शिकवायची गरज नाही. चुलीवर उपडं ठेवलेलं खापर, हातावर वाढवत नेलेली पुरणाची पोळी, आणि ती खापरावर टाकण्याचा तो एक क्षण. नवं खापर पहिल्याच दिवशी नीट काम देत नाही, ते तयार करावं लागतं. भाजत भाजत ते तेल-तूप पितं, काळं पडतं, आणि मग पोळी चिकटत नाही. जुन्या खापरात बाईची कित्येक वर्षांची मेहनत मुरलेली असते. ते फुटलं की ती हळहळते. आता लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची खापरं आली, पण नाव 'खापर'च राहिलं. वस्तू गेली तरी मातीचं नाव धातूला चिकटून राहतं, हेही नात्याचंच लक्षण.

दुसरी वस्तू आखाजीची घागर. काही भागांत तिला डेरगं म्हणतात. अक्षय्य तृतीयेला कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर लहान मातीचं भांडं ठेवायचं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण करून पूजा करायची, घास टाकायचा. खान्देशात आखाजी हा मोठा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसते. सालदाराचं साल याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. एवढ्या सगळ्या हालचालीच्या मध्यभागी ती घागर. आणि मग ती देव्हाऱ्यात ठेवून देत नाहीत. ऐन उन्हाळा असतो. कित्येक घरांत त्या नव्या मातीचंच गार पाणी पुढे प्यायलं जातं.

हे गार पाणी कसं होतं ते शाळेत शिकवतात. कमी आचेवर भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाफ होऊन उडतं, आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. म्हणजे घागर थोडी गळते म्हणूनच गार करते. वर्ष-दोन वर्षांत क्षारांनी छिद्रं बुजतात, मग ती 'मेली' म्हणतात आणि नवी आणतात. बापाच्या नावाने भरलेली घागर कायम टिकावी अशी कुणाची अपेक्षाच नसते. पुढच्या आखाजीला पुन्हा कुंभाराकडे जायचं, पुन्हा बापाचं नाव घ्यायचं. आठवण टिकते ती या दरवर्षीच्या फेरीने.

हा मुद्दा आम्हाला कलेच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. आपण समजतो की जीव लावणं म्हणजे जपून ठेवणं. मातीच्या बाबतीत आपली परंपरा बरेचदा उलटं सांगते. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोकं पाडतात, पाणी वाहू देतात आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. फुटल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. तिथे तांब्याचा हंडा चालणार नाही.

अर्थात जपण्याचीही भांडी आहेत. चिनी मातीची लोणच्याची बरणी घ्या. तिच्यावर ग्लेझ असतं, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा बसलेला लेप. ती शोषत नाही म्हणून लोणचं टिकतं, आणि सासूची बरणी सुनेकडे येते. तर दोन प्रकारचे जिव्हाळे झाले. एक बरणीचा, वारशाने चालणारा. दुसरा घागरीचा, दरवर्षी नवा करावा लागणारा. प्रदर्शनांत बहुतेक काम बरणीच्या जिव्हाळ्यावर चाललेलं दिसतं. घागरीचा जिव्हाळा तिथे फारसा पोचलेला नाही.

शोषण्याची दुसरी बाजू

आता अवघड भाग. भाजलेली माती शोषून घेते, म्हणून ती 'विटाळते' असं आपल्याकडे मानलं गेलं. तांब्या-पितळेचं भांडं घासून, चिंच लावून, विस्तवातून काढून शुद्ध करता येतं. मातीचं भांडं सुतकानंतर फेकून द्यायचं. हा नियम भांड्यापुरता राहिला नाही. कोणी शिवलं तर घागर बाटली, पाणवठा बाटला, इथवर तो गेला. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' केलं, ते १०८ घागरींनी. दूध, दही, शेण, गोमूत्र घालून. घागर आपल्याला प्रिय आहे ना? मग या १०८ घागरीही आपल्याच आहेत, हे मान्य करावं लागतं.

आणि आता कप-बशीकडे बघा. चहा गावागावात पोचला, चिनी मातीचे कप आले. त्यांच्यावर ग्लेझ होतं, त्यात काही मुरत नाही, पाण्याखाली धरलं की स्वच्छ. म्हणजे 'माती शोषते' हे कारण संपलं होतं. तरी महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळी कप-बशी ठेवलेली असे. बहुधा कान तुटलेली. ज्याची त्याने धुवायची आणि परत जागेवर ठेवायची. दलित आत्मकथनं आणि गावोगावच्या आठवणी यांत ती कप-बशी भेटते. विटाळ मातीच्या छिद्रांत नव्हताच. तो मनात होता, आणि मातीचं निमित्त सरलं तरी तो गेला नाही. त्या एका कपाने हे उघडं पाडलं.

म्हणून कोणी कलावंत तुटक्या कानाचा कप मांडून खाली 'आठवणी' असं लिहितो, तेव्हा आम्ही विचारतो: कुणाच्या आठवणी? एकाला त्या कपात आजी दिसते. दुसऱ्याला हॉटेलाच्या कोनाड्यातला तो वेगळा कप दिसतो. वस्तू तीच. दोघांचं नातं भावनिकच आहे. अपमान हीसुद्धा भावना आहे, आणि ती वस्तूत जास्त काळ राहते.

घरातून दालनात

ही कसोटी घेऊन आता दालनात जाऊ.

मुंबईत १८७० च्या दशकात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी मातीकामाची कार्यशाळा उभी केली. त्यासाठी सिंधमधले कारागीर आणले, आणि अजिंठ्याच्या लेण्यांतली नक्षी भांड्यांवर उतरवली. आपल्या शेजारचा अजिंठा असा फुलदाणीवर बसून विलायतेला गेला. ही भांडी आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बघता येतात. हात फार सफाईचा आहे, निळा आणि हिरवा रंग सुरेख आहे. पण ती बनवली गेली साहेबाच्या दिवाणखान्यासाठी. अजिंठा परिसरातल्या घरात त्यांना जागा नव्हती. मातीत काम करणारा माणूस आणि मातीचं भांडं वापरणारा माणूस यांची ताटातूट इथे सुरू झालेली दिसते.

जपानची गोष्ट याहून बोलकी. क्योटोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात 'किझाएमोन' नावाचा चहाचा वाडगा आहे. राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेला. यानागी सोएत्सु या विचारवंताने त्यावर लिहिलं, आणि त्यामुळे तो जगभर गाजला. यानागींचं म्हणणं असं की हा कोरियातल्या गरिबाचा साधा, स्वस्त वाडगा, आणि त्याचं सौंदर्य त्या साधेपणातच आहे. विचार मोठा आहे, आम्ही तो मानतो. पण नाव बघा. किझाएमोन हे वाडगा घडवणाऱ्याचं नाव नाही. ते ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचं, एका मालकाचं नाव आहे. साध्या वस्तूचा एवढा गौरव झाला, आणि कुंभार मात्र अनामिकच राहिला. 'अनामिक कारागीर' हा शब्द ऐकायला छान वाटतो. पण साक्रीच्या बाजारात माठ विकायला बसलेल्या माणसाला नाव असतं.

आपल्याकडे पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी. त्यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपं, भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या, आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. हजारो वस्तू दुसऱ्यांच्या घरातल्या, आणि त्या सगळ्यांवर एका बापाचं दुःख. केळकरांनी स्वतः माती घडवली नाही. तरी वस्तू आणि भावना यांचं नातं मांडणारं याहून मोठं काम मराठीत आम्हाला दिसत नाही. तिथे काही 'सांगितलेलं' नाही. वस्तू वापरून झिजलेल्या आहेत, आणि त्या झिजेवर आपली नजर थांबते.

आता हल्लीची दोन कामं. चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पोर्सिलेनच्या सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. सुमारे १० कोटी बिया, चिंगदचन या जुन्या मातीकामाच्या शहरात कारागिरांनी एकेक हाताने रंगवलेल्या. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे चीनमधला गरिबाचा खाऊ, गप्पा मारताना सोबत चघळायचा. लोकांनी त्यावर चालावं, त्या हातात घ्याव्यात अशी कल्पना होती. पण त्यातून उडणारी धूळ आरोग्याला घातक, म्हणून काही दिवसांतच लोकांना दोराबाहेर उभं केलं. कल्पना भव्य होती. पण स्पर्श गेला तेव्हा जवळीकही गेली, आणि उरला तो आकडा.

याउलट क्लेअर ट्वोमी या इंग्रज कलावतीचं २०१३ मधलं काम. लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये तिने दीड हजारांवर कप-बश्या मांडल्या, आणि प्रत्येकीबरोबर एक चांगलं काम लिहिलेलं होतं. ते काम करायचं कबूल केलं, तर कप घरी न्यायचा. हे संग्रहालय जिथे आहे, त्या संस्थेत अठराव्या शतकात गरीब आया आपली बाळं सोडून जात. पुढेमागे ओळख पटावी म्हणून बाळासोबत एखादी खूण ठेवत: नाणं, बटण, कापडाचा तुकडा. अशा जागी कप देणं-घेणं म्हणजे नुसती आठवण जागवणं नव्हे. कप नेणाऱ्यावर तिथे जबाबदारी येते. आमच्या कसोटीला हे काम उतरतं, कारण त्यातलं नातं पाहण्याचं नाही, वागण्याचं आहे. आखाजीच्या घागरीसारखंच.

फुटलेलं भांडं सोन्याच्या रेघेने सांधायची जपानी रीत, किंत्सुगी, हल्ली आपल्याकडेही फार बोलली जाते. रीत सुंदर आहे, पण तिचा सुविचार झाला आहे. जखमा सुंदर असतात, वगैरे. वेगळ्या कपाच्या तुटक्या कानाला सोन्याची रेघ लावली तर काय होईल, याचा विचार करून बघा. काही फुटी सांधायच्या नसतात, दाखवायच्या असतात.

इथे काय घडू शकेल

मग साक्री-धुळ्याच्या तरुण कलावंताने काय करावं? उपदेश करायची आमची इच्छा नाही, पण मातीकडे बघून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, ग्लेझ ही निवड आहे, सवय नव्हे. बाराशे अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर, त्यावर चमकदार लेप, हे आज 'कला' म्हणून ओळखलं जातं. आठ-नऊशे अंशांवर भाजलेली लाल माती म्हणजे 'कुंभारकाम'. ही उतरंड कुणी लावली? ज्या कामाचा विषयच शोषून घेणं, मुरणं, पाझरणं हा आहे, ते काचेच्या लेपाखाली बंद केलं तर विषयच बंद होतो. पाझरणारं, डाग धरणारं, प्रदर्शन संपेपर्यंत रंग बदलणारं काम कोणीतरी करून पाहावं. आणि ते फुटलं तर फुटू द्यावं.

दुसरी गोष्ट नावाची. ब्रह्मदेव राम पंडित बिहारच्या कुंभार कुटुंबातले. मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी स्टुडिओ उभारला आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे चाकापासून दालनापर्यंत रस्ता आहे. पण तो फार थोड्यांसाठी आहे. ज्या कलावंताला खान्देशी खापरावर काम करायचं आहे, त्याने खापर घडवणाऱ्याचं आणि त्यावर मांडे करणाऱ्या बाईचं नाव चिठ्ठीवर आपल्या नावाच्या बरोबरीने लिहावं, आणि पैशातही वाटा द्यावा. जिव्हाळ्याची भाषा करायची आणि माठाच्या दरात घासाघीस करायची, हे दोन्ही एकत्र बसत नाही.

बहिणाबाई चौधरींनी चूल, जातं, विहीर यांच्यावर गाणी रचली, ती याच खान्देशात. त्यांच्या वस्तू हळव्या नाहीत. त्या कामाच्या आहेत, हाताला चटका देणाऱ्या आहेत. त्यामुळेच त्या आपल्या वाटतात. मातीत काम करणाऱ्यांना एवढा धडा पुरेसा आहे.

पुढच्या वेळी सिरॅमिकच्या प्रदर्शनात एखादा कप, एखादी घागर पाहून मन भरून आलं, तर येऊ द्या. फक्त लगेच पुढच्या दालनात जाऊ नका. ही वस्तू कुणी घडवली, ती कुणाला शिवू दिली नव्हती, आणि ती फुटल्यावर दुसरी कोण आणून देणार, एवढं विचारा. चांगल्या कामात या प्रश्नांची उत्तरं असतात. निदान प्रश्नांना जागा तरी असते.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या मंडळींनी जरा पुढे यावं, म्हणजे ऐकू येईल.